लिनक्सवरील खेळांसाठी संगणक जुळवताना: मर्यादित खर्चातील भागनिवडीचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

सुटे भाग विकत घेऊन खेळांसाठी संगणक जुळवण्याची पद्धत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये चांगलीच रुळलेली आहे, आणि ठरावीक रकमेत जास्तीत जास्त वेगवान यंत्र कसे बसवावे याचे आडाखे तिथल्या विक्रेत्यांना व ग्राहकांना पाठ असतात. हे आडाखे मात्र एका गृहीतावर उभे असतात: यंत्रावर विंडोज चालणार आणि प्रत्येक भागाचा उत्पादक त्यासाठी विंडोजचा ड्रायव्हर पुरवणार. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा प्रोग्रॅम. लिनक्सवर हे गृहीत टिकत नाही. तिथे काही भागांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातच, समाविष्ट असतात आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर त्यांची देखभाल होत राहते; काहींचे ड्रायव्हर उत्पादक वेगळे देतो आणि त्याच्या सोयीने बंदही करतो; काहींची जबाबदारी कुणीच अधिकृतपणे घेतलेली नसते. त्यामुळे लिनक्ससाठी भाग निवडताना वेग आणि किंमत यांच्या जोडीला तिसरा निकष येतो, तो म्हणजे त्या भागाचा ड्रायव्हर कोण आणि किती काळ सांभाळणार हा. खर्चाची मर्यादा जितकी कडक, तितके या निकषाचे वजन वाढते, कारण अशा ग्राहकाला तोच भाग पाच-सहा वर्षे वापरायचा असतो.

लिनक्सवर विंडोजचे खेळ कसे चालतात

वाइन हा विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवू पाहणारा प्रकल्प १९९३ पासून सुरू आहे. तरीही दीर्घकाळ त्याच्या भरवशावर नवे खेळ खेळता येतील अशी स्थिती नव्हती. खेळांची विक्री करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये आपला स्टीम हा मंच लिनक्सवर आणला आणि २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे संगणक बाजारात आणवले, पण ते खास लिनक्ससाठी बांधलेल्या खेळांवर अवलंबून असल्याने फसले. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने वाइनवर आधारलेले प्रोटॉन जाहीर केले आणि चित्र पालटले. विंडोजचे खेळ डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने ग्राफिक्स कार्डाला आज्ञा देतात. प्रोटॉनमधील डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे घटक त्या आज्ञा खेळ चालू असतानाच व्हल्कन या खुल्या पद्धतीत रूपांतरित करतात. पुढे कर्नलच्या ६.१४ या आवृत्तीत, २०२५ मध्ये, एनटीसिंक नावाची सोय आली आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांचा विंडोजच्या पद्धतीचा ताळमेळ थेट गाभ्यातच साधू लागला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हाती धरण्याच्या यंत्रामुळे या साऱ्याला व्यावसायिक पाठबळ मिळाले. स्टीमच्या मासिक पाहणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच तीन टक्क्यांपुढे गेले. त्याच महिन्यात विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला होता. भागनिवडीच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी की स्टीम डेकचे हृदय एएमडीचे आहे. त्यात झेन २ रचनेच्या प्रोसेसरचे चार गाभे आणि आरडीएनए २ रचनेचे ग्राफिक्स आहे, आणि या रचनेचा लिनक्स ड्रायव्हर सुधारण्यासाठी व्हॉल्व्ह स्वतः अभियंत्यांना पैसे देते. त्याच रचनेचे टेबलावरचे कार्ड घेणाऱ्याला या श्रमाचा लाभ आपोआप मिळतो.

आधी खेळांची यादी

भागांकडे वळण्यापूर्वी कोणते खेळ खेळायचे आहेत हे ठरवणे अटळ आहे, कारण काही खेळ कितीही महागड्या यंत्रावर घेतले तरी लिनक्सवर चालत नाहीत. अडचण वेगाची नसून फसवणूक रोखणाऱ्या प्रणालींची असते. ऑनलाइन स्पर्धेत कुणी लबाडी करू नये म्हणून काही खेळ विंडोजच्या गाभ्यात स्वतःचा पहारेकरी बसवतात, आणि असा पहारेकरी प्रोटॉनच्या रूपांतरात काम करू शकत नाही. रायट कंपनीच्या व्हॅन्गार्ड प्रणालीमुळे व्हॅलोरंट आणि मे २०२४ पासून लीग ऑफ लेजंड्स लिनक्सवर बंद आहेत. फोर्टनाइट आणि बॅटलफील्ड ६ यांची दारेही मिटलेली आहेत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, परंतु ती चालू करायची की नाही हे खेळाच्या निर्मात्यावर सोडले. दिलेली परवानगी काढूनही घेतली जाते: ॲपेक्स लेजंड्सने ऑक्टोबर २०२४ अखेर लिनक्स वापरणाऱ्यांना वगळले आणि त्याच्या आधीच्या महिन्यात जीटीए ऑनलाइनही त्यांच्यासाठी बंद झाले. याउलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्ससाठी बांधलेले आहेत, आणि एकट्याने खेळण्याच्या बहुसंख्य खेळांना अशी अडचण नसते. प्रोटॉनडीबी या संग्रहात प्रत्येक खेळाविषयी वापरणाऱ्यांच्या नोंदी मिळतात. यादीतील प्रत्येक नाव तिथे तपासल्याशिवाय पैसे खर्च करणे शहाणपणाचे नाही.

ग्राफिक्स कार्ड

एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा अधिक, ग्राफिक्स कार्डावर जातो, आणि ड्रायव्हरचा प्रश्नही इथेच सर्वांत तीव्र होतो. बाजारात तीन उत्पादक आहेत आणि लिनक्सबाबत तिघांचे धोरण वेगवेगळे आहे.

एएमडीने २००७ मध्ये आपल्या कार्डांची तांत्रिक कागदपत्रे खुली करण्यास सुरुवात केली आणि २०१५ मध्ये एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल झाला. व्हल्कनसाठीचा आरएडीव्ही हा भाग २०१६ मध्ये एएमडीच्या बाहेरच्या विकासकांनी लिहिला. तो मेसा या ग्राफिक्सच्या मुक्त संचात असतो आणि प्रत्येक प्रमुख लिनक्स वितरणाबरोबर येतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की कार्ड बसवले, कार्यप्रणाली घातली, की आणखी काही करावे लागत नाही. दीर्घकालीन अर्थ याहून महत्त्वाचा आहे. एएमडीने २०२३ मध्ये पोलॅरिस आणि व्हेगा पिढीच्या कार्डांसाठी विंडोजवरील नव्या सुधारणा जवळजवळ थांबवल्या, पण लिनक्सवर त्यांचा आरएडीव्ही ड्रायव्हर नव्या कार्डांबरोबरच सुधारत राहिला. व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या अभियंत्यांनी तर २०१२ च्या सुमाराच्या रेडिऑन कार्डांवरही अलीकडेपर्यंत मेहनत घेतली आहे.

एनव्हिडियाची कार्डे वेगवान आहेत आणि विक्रेत्याची पहिली शिफारसही बहुधा तीच असते. त्यांचा ड्रायव्हर कंपनी स्वतः देते. मे २०२२ मध्ये तिने ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, मात्र त्याच्यावरचा मोठा भाग अजून बंदिस्त आहे. पूर्वी नव्या वेलँड पडदा-व्यवस्थेत या कार्डांवर चित्र थरथरत असे. २०२४ मधील ५५५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून तो त्रास बराच कमी झाला. तरीही डायरेक्टएक्स १२ चे खेळ विंडोजच्या तुलनेत लिनक्सवर हळू चालण्याची तक्रार या कार्डांबाबत अधिक ऐकू येते. दुसरी अडचण आयुष्याची आहे. मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांना सामावून घेणारी ५८० ही शेवटची मालिका ठरली. त्यामुळे एकेकाळी अत्यंत लोकप्रिय असलेली जीटीएक्स १०६० किंवा १०८० टीआय ही कार्डे वापरलेल्या मालात स्वस्त दिसली, तरी त्यांना नव्या सुधारणा मिळणार नाहीत. जुने एनव्हिडिया कार्ड घ्यायचेच असेल तर ते किमान ट्युरिंग पिढीचे, म्हणजे जीटीएक्स १६५० किंवा त्यापुढचे, असावे. व्हिडिओ संपादन, ब्लेंडर किंवा यंत्रशिक्षण यांसाठी कूडा ही एनव्हिडियाची गणनपद्धती आवश्यक असणाऱ्याला मात्र या त्रुटी सोसूनही हीच कार्डे घ्यावी लागतात.

इंटेलने २०२२ मध्ये आर्क मालिकेतून वेगळी ग्राफिक्स कार्डे आणली. त्यांचेही ड्रायव्हर खुले आणि कर्नल व मेसा यांतच असतात. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला जाहीर झालेल्या बी५८० मध्ये १२ जीबी ग्राफिक्स मेमरी आहे, जी त्या किमतीत अन्यत्र दुर्मीळ होती. मात्र या कार्डांना रिसायझेबल बार ही सोय, म्हणजे प्रोसेसरला ग्राफिक्स मेमरीचा संपूर्ण विस्तार एकाच वेळी हाताळता येण्याची क्षमता, जवळजवळ अनिवार्य आहे. ती नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर त्यांचा वेग फार पडतो.

कमी खर्चात निवड करताना तीन मोजमापे पाहावीत. पहिले, ग्राफिक्स मेमरी: १०८० रेषांच्या, म्हणजे फुल एचडी, पडद्यासाठी ८ जीबी ही आज किमान पातळी मानावी. व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या स्टीम मशीनमध्येही ग्राफिक्ससाठी ८ जीबीच आहे, आणि त्याची २८ गणन-एककांची आरडीएनए ३ रचना ३२ एककांच्या आरएक्स ७६०० च्या थोडीशीच खाली येते. त्यामुळे या कार्डाच्या पातळीवर खेळ चालते ठेवण्यात व्हॉल्व्हला स्वतःचा स्वार्थ राहील. दुसरे मोजमाप पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गिकांचे, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातील माहितीच्या वाटांचे. आरएक्स ६५०० एक्सटीला केवळ चार मार्गिका आणि ४ जीबी मेमरी असल्याने जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याची फार कुचंबणा होते. आठ मार्गिकांच्या आरएक्स ६६०० ला तिथे थोडाच फटका बसतो. तिसरे मोजमाप विजेचे: आरएक्स ६६०० ला १३२ वॉट, आरएक्स ७६०० ला १६५ वॉट आणि बी५८० ला १९० वॉट लागतात. हात थोडा सैल असेल तर जून २०२५ मध्ये आलेले १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी दीर्घ मुदतीसाठी अधिक सुरक्षित ठरते.

वापरलेल्या बाजारात आरएक्स ५८० विपुल मिळते, पण त्यात ‘२०४८एसपी’ असा उल्लेख असलेला प्रकार प्रत्यक्षात कमी ताकदीच्या आरएक्स ५७० च्या बरोबरीचा आहे. असे कार्ड घेताना लिनक्सचा एक मोठा फायदा वापरता येतो: पेन ड्राइव्हवरून थेट चालणारे वितरण दुकानातच सुरू करून यंत्रणेने कार्ड कोणत्या नावाने ओळखले, मेमरी किती दाखवली आणि गाभ्याच्या नोंदीत चुका उमटतात का, हे पैसे देण्यापूर्वी पाहता येते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

प्रोसेसरच्या बाबतीत लिनक्स फारसा भेदभाव करत नाही. एएमडी आणि इंटेल या दोघांचेही प्रोसेसर उत्तम चालतात. खेळांसाठी सहा गाभे आणि बारा धागे ही समाधानकारक पातळी आहे, आणि शेडर नावाचे ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम खेळ सुरू होण्यापूर्वी तयार करण्याचे काम प्रोटॉनवर बरेच असल्याने चार गाभ्यांचा इंटेल आय३-१२१००एफ स्वस्त असला तरी थोडा तोकडा पडतो. रायझन ५ ५६०० आणि आय५-१२४००एफ हे या वर्गातील दोन रूढ पर्याय आहेत. रायझन ५ ५५०० नावाने जवळचा असला तरी त्यात तिसऱ्या पातळीची द्रुतमेमरी निम्मी, १६ एमबी, आहे आणि तो पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीपुरताच मर्यादित आहे. किमतीतला फरक थोडा असेल तर तो टाळावा. इंटेलच्या नावातील ‘एफ’ हे अक्षर अंतर्गत ग्राफिक्स नसल्याचे सांगते, त्यामुळे असा प्रोसेसर घेतल्यास वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही.

ज्याला आत्ता कार्ड परवडत नाही त्याच्यासाठी रायझन ५ ८६००जी हा मार्ग आहे. त्याच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये आरडीएनए ३ ची आठ एकके आहेत, म्हणजे एककांची संख्या स्टीम डेकइतकी आणि रचना एक पिढी पुढची. अशा यंत्रात ग्राफिक्सही मुख्य मेमरीच वापरत असल्याने रॅमच्या दोन पट्ट्या बसवणे इथे ऐच्छिक राहत नाही.

बोर्डाच्या निवडीत एएम४ आणि एएम५ या प्रोसेसर बसवण्याच्या दोन बैठकींमधला निर्णय येतो. २०२२ मध्ये आलेली एएम५ बैठक पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर स्वीकारते, पण तिला केवळ डीडीआर५ मेमरी चालते. एएम४ जुनी असली तरी तिच्यावर स्वस्त बोर्ड आणि डीडीआर४ मिळते. रॅमच्या किमती २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीमुळे झपाट्याने चढल्या, आणि मायक्रॉनने त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रूशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळण्याचे जाहीर केले. घरात डीडीआर४ च्या पट्ट्या पडून असतील तर एएम४ चे आर्थिक गणित आणखी बळकट होते. जुना बी४५० बोर्ड घेताना त्याचे बायोस रायझन ५००० मालिका ओळखते का याची खात्री करावी. बायोस बदलण्याचे बरेचसे प्रोग्रॅम विंडोजसाठीच असतात, म्हणून बायोसच्या पडद्यावरूनच पेन ड्राइव्हने ते बदलण्याची सोय असलेला बोर्ड लिनक्ससाठी सोयीचा.

भारतात आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. दुकानात तोच प्रोसेसर कधी सीलबंद खोक्यात, तर कधी खोक्याविना ‘ट्रे’ माल म्हणून मिळतो. दुसरा स्वस्त असला तरी त्याला उत्पादकाची तीन वर्षांची हमी नसते आणि पंखाही वेगळा घ्यावा लागतो.

मेमरी आणि साठवण

रॅमची १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घेतल्याने माहितीचा प्रवाह दुप्पट रुंद होतो. ३२०० वेगाची डीडीआर४ मेमरी बहुतेकांना पुरते. साठवणीसाठी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्यावी, आणि स्वतःची द्रुतमेमरी नसलेल्या स्वस्त एसएसडीही खेळांसाठी चालतात. इथली महत्त्वाची गोष्ट यंत्रापेक्षा मांडणीची आहे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या जुन्या डिस्कवरूनच प्रोटॉनचे खेळ चालवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु प्रोटॉन तयार करत असलेल्या फायलींची नावे आणि जोडण्या त्या पद्धतीत नीट बसत नाहीत आणि खेळ अवचित कोसळतात. ज्याला दोन्ही कार्यप्रणाली ठेवायच्या आहेत त्याने लिनक्सच्या खेळांसाठी ईएक्सटी४ पद्धतीचा वेगळा भाग, शक्य तर वेगळी डिस्कच, राखून ठेवावी.

वीज, उष्णता आणि कॅबिनेट

दुकानात एसएमपीएस या नावाने ओळखला जाणारा वीजपुरवठ्याचा डबा हा काटकसरीत सर्वांत आधी बळी जाणारा भाग असतो, आणि तोच इतर सर्व भागांना इजा करू शकतो. रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० यांना मिळून सुमारे दोनशे वॉट लागतात, तेव्हा चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा डबा पुरून उरतो. ‘८० प्लस’ ही खूण वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते. दाब अचानक चढल्यावर डबा इतर भागांना वाचवील की नाही हे तिच्यावरून कळत नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणि लहान शहरांत इन्व्हर्टरचा प्रश्न याला जोडून येतो. चांगल्या डब्यांत वीजप्रवाह शिस्तीत ओढणारी व्यवस्था असते आणि तिला शुद्ध लाटेची वीज लागते. स्वस्त इन्व्हर्टर व यूपीएस चौकोनी किंवा पायऱ्यांच्या लाटेची वीज देतात, तेव्हा असे काही डबे बंद पडतात. शिवाय घरगुती इन्व्हर्टरवरील निवड-बटण यूपीएस स्थितीत नसेल तर वीज बदलतानाच्या क्षणात संगणक पुन्हा सुरू होतो. विदर्भातील उन्हाळ्यात खोलीचे तापमानच चाळिशीला टेकत असल्याने पुढची बाजू जाळीची असलेले कॅबिनेट दिखाऊ काचेच्या कॅबिनेटपेक्षा उपयुक्त ठरते. लॅक्ट आणि कोअरसीटीआरएल हे मुक्त प्रोग्रॅम एएमडी कार्डाची विजेची मर्यादा थोडी खाली आणू देतात, आणि वेगात फारसा फरक न पडता उष्णता लक्षात येण्याइतकी घटते.

जाळे, पडदा आणि जोड उपकरणे

किमतीने क्षुल्लक पण मनस्तापाने मोठे असे भाग इथे आहेत. वाय-फायसाठी इंटेलचे एएक्स२१० कार्ड सुरक्षित, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.१० या आवृत्तीपासून आहे. नावाने जवळचे एएक्स२११ मात्र फक्त इंटेलच्याच काही बोर्डांवर चालते. रिअलटेकच्या चिपचे स्वस्त यूएसबी वाय-फाय जोड अनेकदा कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरवर विसंबतात, आणि कर्नल बदलला की तो ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो. शक्य तिथे तारेचे जाळे वापरणे सर्वांत स्वस्त.

पडदा निवडताना डिस्प्लेपोर्ट असलेला घ्यावा. एचडीएमआय २.१ ची पूर्ण क्षमता खुल्या ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला, आणि उच्च वेगाने चित्र ताजे करणारे टीव्ही एएमडी कार्डाला जोडू पाहणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली. डिस्प्लेपोर्टला असे बंधन नाही. एक्सबॉक्सचे नियंत्रक आणि सोनीचे ड्युअलसेन्स यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. रंगीत दिवे आणि बटणांची सोय मात्र बहुधा विंडोजच्या प्रोग्रॅमवर अवलंबून असते. ओपनआरजीबी हा मुक्त प्रोग्रॅम त्यातील बरीच उपकरणे सांभाळतो, सगळी नाही.

वितरणाची निवड

लिनक्सचे वितरण म्हणजे कर्नल, मेसा आणि इतर प्रोग्रॅम यांची एकत्र बांधलेली आवृत्ती, आणि भाग किती नवे आहेत त्यावर तिची निवड ठरते. उबुंटू २४.०४ मूळच्या ६.८ कर्नलसह आले. २०२५ मधले आरएक्स ९०६० एक्सटी त्या कर्नलला नीट ओळखता येत नाही, पण आरएक्स ६६०० ला तिथे काहीच अडचण नाही. दर सहा महिन्यांनी येणारे फेडोरा, त्यावर आधारलेले व खेळांसाठी सजवलेले बॅझाइट किंवा सतत ताजे राहणारे कॅचीओएस नव्या भागांसाठी अधिक योग्य. एनव्हिडिया कार्ड घेणाऱ्याने ड्रायव्हर आधीच घातलेले वितरण घ्यावे, म्हणजे सिक्युअर बूट या सुरक्षाव्यवस्थेसाठी ड्रायव्हरवर सही करण्याचा खटाटोप वाचतो.

निष्कर्ष

या सर्व घटकांवरून निर्णयांचा क्रम असा लागतो: प्रथम खेळांची यादी आणि तिच्यातील बंद दारांची पाहणी, मग पडद्याचे मोजमाप, त्यानुसार ग्राफिक्स कार्ड, कार्डाला साजेसा प्रोसेसर व बोर्ड, आणि शेवटी उरलेले भाग, ज्यांत एसएमपीएसवरची कपात निषिद्ध मानावी. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४, आरएक्स ६६०० किंवा ७६००, एक टीबी एनव्हीएमई आणि ५५० वॉटचा एसएमपीएस हा संच आजही फुल एचडी खेळांसाठी संतुलित आहे. विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचतात ते कार्डाच्या मेमरीत किंवा एसएमपीएसच्या दर्जात घालणे श्रेयस्कर.

ही निवड सर्वांसाठी नाही. ज्याचा मुख्य खेळ व्हॅलोरंट आहे किंवा ज्याचे काम कूडावाचून अडते, त्याला या आढाव्यातील बरीचशी काटकसर महागात पडेल. उरलेल्यांसाठी मात्र लिनक्सवर खुल्या ड्रायव्हरचा भाग निवडणे ही तत्त्वनिष्ठेपेक्षा अर्थकारणाची गोष्ट ठरते. बंदिस्त ड्रायव्हरच्या कार्डाचे आयुष्य उत्पादकाच्या विक्रीच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. खुल्या ड्रायव्हरचे कार्ड त्या वेळापत्रकाबाहेर, जोवर कुणाला तरी त्याची गरज आहे तोवर, उपयोगी राहू शकते, आणि मर्यादित रकमेतून यंत्र उभे करणाऱ्याला याहून मोठी सवलत कोणताही विक्रेता देत नाही.